वसईचा किल्ला पायी कसा पाहावा

राजगड-रायगड चढलेला माणूस वसईला पहिल्यांदा येतो तेव्हा जरा बावचळतो. चढण नाही, माची नाही, कडा नाही. किल्ल्याच्या पोटातून डांबरी रस्ता जातो आणि त्यावरून रिक्षा, दुचाक्या, मासळीचे टेम्पो ये-जा करत असतात. मग दोन-तीन पडक्या चर्चमध्ये फोटो काढून, ‘झालं बघून’ म्हणत मंडळी तासाभरात परत फिरतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या तासाभरात त्यांनी वसई पाहिलेलीच नसते.

वसई म्हणजे नुसता लष्करी तळ नव्हे. तटाच्या आत वसलेलं, १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या हाती असलेलं ते बंदराचं शहर होतं. चौक, गल्ल्या, दवाखाना, मठ, चर्च, सरदारांचे वाडे, धक्का असं सगळं आत होतं. उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखाचा कारभार इथून चाले आणि पोर्तुगीज राजकन्या आणि इंग्लंडचा राजा यांच्या लग्नासाठी झालेल्या १६६१ च्या तहात इंग्रजांकडे जाण्याआधी मुंबईची बेटंही वसईच्याच अखत्यारीत होती. म्हणून हा किल्ला शहरात शिरल्यासारखा पाहायचा. जमिनीकडच्या दरवाजाने आत यायचं, वस्तीतून चालायचं आणि बंदराकडच्या दरवाजाने धक्क्यावर बाहेर पडायचं. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी हाच क्रम सांगतो. पूर्ण फिरायला तीन ते चार तास धरा.

दिवस कसा निवडायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून ऊन असह्य होतं, कारण छप्परं गेलेल्या वास्तूंमध्ये सावली फार थोडी. पावसाळ्यात किल्ला विलक्षण देखणा दिसतो, पण शेवाळलेल्या पायऱ्या आणि गुडघाभर गवत नवख्या माणसासाठी बरं नाही. गवतात साप असतात. पावसातच जायचं असेल तर मळलेली पायवाट सोडू नका.

मोसमाइतकंच महत्त्व भरती-ओहोटीला आहे, कारण हे बंदर आहे आणि बंदराचा दरवाजा पाण्याच्या हिशोबाने बांधलेला आहे. हिशोब सोपा. कॅलेंडरवर तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचार आणि दुपारी चारनंतर भरती, मधली ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. फक्त हेही लक्षात ठेवा की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी दिसतो. सकाळी सातला चालायला लागलात तर धक्क्यावर पोचायला दहा वाजतात. त्यामुळे चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा दिवस सगळ्यात सोयीचा. खाडी मागे सरकलेली असते आणि पाण्याच्या बाजूने तटाची खरी उंची कळते.

पोचायचं कसं

पश्चिम रेल्वेचं वसई रोड स्टेशन. पनवेल-दिवा बाजूच्या लोकांनाही थेट गाड्या आहेत. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडा. किल्ला तिथून बराच लांब आहे, चालत जायच्या भानगडीत पडू नका. बस किंवा शेअर रिक्षा करून वसई गावात या. स्टेशनच्या आसपासची वसई नवी, वसई गाव जुनं, आणि रिक्षावाल्याला ‘वसई गाव’ असंच सांगा.

गावात पारनाक्याच्या परिसरात नाश्ता उरकून घ्या आणि स्वच्छतागृहाचं कामही इथेच करा. आत गेल्यावर दोन्हींची सोय मिळेलच असं नाही. पाण्याच्या बाटल्या माणशी दोन. बूट बंद आणि चांगल्या तळव्यांचे. टोपी, छोटा टॉर्च आणि जमलं तर दुर्बीण. इथून किल्ला चालत गाठता येतो आणि खरं तर तसंच जावं.

जमिनीकडचा दरवाजा

रिक्षा तुम्हाला डांबरी रस्त्याने पार आत नेऊन सोडते, त्यामुळे जमिनीकडचा जुना दरवाजा बहुतेकांचा राहूनच जातो. रिक्षा केलीच तर तटाबाहेरच उतरा आणि जुना दरवाजा कुठे ते विचारा, कुणीही दाखवतं.

इथे पाच मिनिटं घाई न करता उभे राहा. बाहेरचं दार आणि आतलं दार एका रेषेत नाही. बाहेरून शिरलं की वळावं लागतं, आणि त्या वळणावर वरच्या तटावरून सगळा मारा तुमच्या डोक्यावर येईल अशी रचना आहे. दार फोडायला हत्ती आणला किंवा ओंडका घेऊन माणसं धावली तरी पुढे वेग घ्यायला जागाच नाही. रायगडाच्या महादरवाजाला गोमुखी रचनेने जे साधलं, तेच इथे सपाटीवर साधलेलं आहे.

तटाला एकूण दहा कोन आणि कोनाकोनावर बुरूज. बुरुजांना संतांची नावं दिलेली होती, त्यातलं एकच नवख्याने लक्षात ठेवावं: सां सेबास्तियांव. त्याच्याकडे पुढे येतो. बुरूज गोल नसून टोकदार आहेत हे नीट पाहा. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी शत्रू पोचला की वरच्या तोफेला तो दिसत नाही. टोकदार बुरुजांत एकाचा पायथा दुसऱ्याच्या तोफेखाली येतो. तोफांचं युग सुरू झाल्यावर युरोपात ही पद्धत रुळली आणि कोकण किनाऱ्यावर ती इतक्या मोठ्या शहराभोवती पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

शहर वाचायला शिका

आत शिरलात की झाडी आणि भिंतींचे अवशेष एकमेकांत मिसळलेले दिसतात. सुरुवातीला काहीच कळत नाही. दोन गोष्टी बघायला लागा, म्हणजे नजर बसते.

पहिली, भिंतीतली चौकोनी भोकं. उंचावर एका ओळीत, सारख्या अंतरावर अशी भोकं दिसली की ती तुळयांची जागा समजा. तिथे मजला होता. भोकांच्या दोन ओळी असल्या तर मजले दोन. त्या ओळीच्या वर खिडकी असेल तर ती वरच्या माडीची. लाकूड गेलं, कौलं गेली, पण घराचा आकार त्या भोकांतून परत उभा करता येतो.

दुसरी, दगडातला फरक. भिंतीचा गाभा ओबडधोबड दगड आणि चुन्याचा, त्यावर गिलावा. पण दाराच्या चौकटी, कमानी, खांब आणि कोपरे घडीव दगडाचे. जिथे घडीव दगड जास्त, तिथे पैसा आणि मान जास्त. वसईच्या दगडाला तेव्हा एवढी मागणी होती की तो जहाजाने गोव्याला जात असे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागात हाच काळा दगड आहे. वसईत जहाजंही बांधली जात, आजूबाजूच्या जंगलात लाकूड मुबलक होतं.

आता चर्चकडे वळा. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा कॅथलिक धर्मगुरूंच्या प्रत्येक संघाचा इथे आपापला मठ होता. सगळ्या वास्तू एकाच दमात बघितल्या तर डोक्यात खिचडी होते. पहिल्या भेटीत तीन नीट बघा.

जेझुइटांचं चर्च आज गोन्सालो गार्सिया चर्च म्हणून ओळखलं जातं. दर्शनी भाग अजून दिमाखात उभा आहे. दाराच्या कमानीत मधोमध, कळीच्या दगडावर, क्रूस आणि त्याखाली जेझुइटांची तीन अक्षरांची खूण कोरलेली आहे. मान वर करून शोधा. ज्यांच्या नावाने हे चर्च ओळखतात ते गोन्सालो गार्सिया याच वसईचे. जन्म १५५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईत जेझुइटांकडे शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथे व्यापारात जम बसवला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना इतर सोबत्यांसह क्रूसावर चढवलं. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. वसईच्या धक्क्यावरून निघालेला मुलगा सोळाव्या शतकात जपानपर्यंत पोचतो, यावरून या बंदराचा पल्ला कळतो. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ही आजही श्रद्धेची जागा आहे, दरवर्षी इथे सण होतो. पडकी वास्तू समजून आत आरडाओरडा किंवा वेडेवाकडे फोटो नकोत.

फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी चर्च माझ्या सगळ्यात आवडीचं. इथे वर बघण्याऐवजी खाली बघायचं. फरशीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत, त्यावर पोर्तुगीज लेख आणि काहींवर घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. शतकानुशतकं पायांनी झिजून अक्षरं उथळ झाली आहेत. भर दुपारी ती दिसतच नाहीत. सकाळी तिरपं ऊन असताना, किंवा टॉर्च जमिनीलगत आडवा धरला, की अक्षराच्या कडेला बारीक सावली पडते आणि ओळ उमटते. भाषा येत नसली तरी आधी आकडे शोधा, वर्ष सापडतं. मग नाव सापडतं. बुटांनी त्यावर उभे राहू नका, आणि अक्षरं उठावीत म्हणून खडू घासणं किंवा पाणी ओतणं तर अजिबात नको. त्याने दगडाचे पापुद्रे सुटतात.

तिसरं सेंट जोसेफ चर्च, ते बंदराकडे आहे. तिथे नंतर येऊ.

बालेकिल्ला

शहराच्या मधोमध एक छोटा, जुना किल्ला आहे. वसईचा हा सगळ्यात आधीचा भाग. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीत होता, आणि डिसेंबर १५३४ मध्ये त्याने वसई आणि भोवतालचा मुलूख तहाने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याला देऊन टाकला. त्यानंतर हा कोट उभा राहिला. १५३६ साली पहिला कप्तान गार्सिया द सा याने गव्हर्नरच्या हुकमाने बांधल्याचा लेख इथे होता. बाहेरचा प्रचंड तट नंतर, शहर वाढत गेलं तसा झाला.

बालेकिल्ल्याच्या दारावरचं कोरीव काम चुकवू नका. पोर्तुगालचं राजचिन्ह, क्रूस आणि पट्ट्यापट्ट्यांचा एक पोकळ गोल. तो गोल म्हणजे आकाशातल्या वर्तुळांचा नमुना, दर्यावर्दी पोर्तुगीजांची खूण. ती आजही त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. दुर्बीण आणली असेल तर ती इथे काढा.

१७३९

मराठी माणसाच्या मनात वसई म्हणजे चिमाजी अप्पा, थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. किल्ल्यात त्यांचं स्मारक आहे, तिथे नमस्कार करून थोडं बसा आणि त्यांची पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम जमिनीवर उभी करून बघा.

मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. ठाणं आणि साष्टी त्याच वर्षी हाती आली, पण वसई झुंजत राहिली. कारण नकाशात लगेच दिसतं: तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. हल्ला करायचा तर उत्तरेच्या जमिनीकडूनच. १७३९ मध्ये खाडीच्या पलीकडचा, भाईंदरजवळचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि पाण्यावरून मिळणारी कुमक अडचणीत आणली. मग तटाखाली सुरुंग खणायला सुरुवात झाली. रेताड जमीन, वरून सतत मारा आणि हातात टिकाव-फावडं. मे महिन्यात सुरुंगांनी सां सेबास्तियांव बुरुजाला खिंडार पाडलं. त्या झुंजीत दोन्ही बाजूंची माणसं मोठ्या संख्येने पडली. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीज कप्तान कायतानु द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटी मान्य केल्या. आठवडाभराची मुदत देऊन सैन्याला शस्त्रांसह आणि कुटुंबांना सामानासह जाऊ दिलं गेलं. इतक्या रक्तपातानंतर हा शब्द पाळला गेला, हे मला विजयाइतकंच मोठं वाटतं.

बुरुजापर्यंत जायची वाट कधी मोकळी असते, कधी झाडीने भरलेली. माहीतगार स्थानिक सोबत असेल तरच जा. तटाच्या कडेला वाकून बघू नका, वरचे दगड सुटे आहेत.

वसईच्या चर्चमधल्या घंटा पुढे देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा कधी पाहिली असेल, तर ती वसईच्या मोहिमेतली मानली जाते. वज्रेश्वरीचं देऊळही अप्पांच्या नवसातून उभं राहिल्याचं सांगतात. किल्ल्यातही वज्रेश्वरी आणि नागेश्वराची देवळं आहेत, पूजाअर्चा सुरू आहे, चपला बाहेर काढून दर्शन घ्या.

पुढचा इतिहास थोडक्यात. १७८० मध्ये इंग्रज जनरल गॉडार्डने वसई घेतली, सालबाईच्या तहानंतर ती मराठ्यांना परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला तो इथेच.

सेंट जोसेफ आणि बंदराचा दरवाजा

आता खाडीच्या दिशेने चला. उंच मनोरा दिसला की सेंट जोसेफ आलं. हे वसईचं मुख्य चर्च, आणि १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या काळात ते नव्याने बांधल्याचा लेख होता. मनोऱ्यात दगडी गोल जिना आहे, अरुंद आणि अंधारा. वर जाणं खुलं आहे का ते तिथेच बघा. जाळी लावलेली असेल तर तिचा मान ठेवा. खुला असला तरी एका वेळी एकच माणूस, आणि लहान मुलं खालीच. उतरणाऱ्याला चढणारा भेटला तर जिन्यात वळायलाही जागा नाही.

तिथून जवळच बंदराचा दरवाजा. सागवानी फळ्या, त्यावर लोखंडी पत्रा आणि टोकदार खिळे. इथेही आत-बाहेरच्या दारांमध्ये वळण आहे. पण जमिनीकडच्या दारात शत्रूचा विचार जास्त, इथे मालाचाही. दरवाजातून बाहेर पडलं की दोन पावलांवर पाणी. गलबतातून उतरलेलं प्रत्येक गाठोडं आणि प्रत्येक माणूस या एका तोंडातून शहरात जाई, त्यामुळे पहारा आणि जकात दोन्ही सोपं. बाहेर जाऊन परत आत वळा आणि दर्यावरून आलेल्या माणसाच्या नजरेने तट बघा. ओहोटी असली तरी चिखलात उतरू नका, पाय मांडीपर्यंत जातो.

किल्लाबंदर

बाहेर कोळ्यांची वस्ती आहे, किल्लाबंदर, आणि पुढे पाचूबंदर. शहर उजाड झालं, पण बंदर चालूच राहिलं ते या लोकांमुळे. होड्या लागतात, जाळी शिवली जातात, मोसमात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. नाकाला रुमाल लावून ‘ई’ करणारे पर्यटक इथे दिसले की मला फार लागतं. ही त्यांची कामाची जागा आहे. फोटो काढण्याआधी विचारा, वाळत घातलेल्या मासळीजवळ आणि जाळ्यांवरून चालू नका. एखादी मावशी सुकट विकत असेल तर घ्या, आणि वारा-पाण्याबद्दल विचारा. तिथीच्या हिशोबापेक्षा बारीक उत्तर मिळेल.

परतीला दोन रस्ते. आल्या वाटेने वसई गाव. बाजारात हंगामात सुकेळी मिळाली तर जरूर घ्या, वाळवलेल्या राजेळी केळ्याची ही वसईची खासियत आहे. किंवा २०२४ पासून सुरू झालेली रो-रो बोट धरून भाईंदर. फेऱ्यांच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून धक्क्यावर आधी चौकशी करा आणि शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नका.

काही गोष्टी सगळ्यांसाठीच. एकटे, विशेषतः मुली असाल तर झाडीतल्या आतल्या वास्तूंकडे गट असेल तेव्हाच जा. सूर्यास्ताआधी बाहेर पडा, आत दिव्यांची सोय पुरेशी नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भिंतीवर काही खरवडणं गुन्हा आहे, ड्रोन आणि व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते.

सोबत वयस्कर माणसं असतील, गुडघ्यांचा त्रास असेल, तर पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका. रिक्षाने थेट बंदराच्या दरवाजापर्यंत जा, दरवाजा आणि सेंट जोसेफ सावकाश बघा, येताना चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी थांबा. या तिन्ही जागा डांबरी रस्त्याला धरून आहेत आणि दीड तासात निवांत होतात. रिक्षा मात्र जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट ठरवा. आतून परतीची रिक्षा भर दुपारी मिळत नाही.